मॅडमचं अंडं

हर्षालीने बाथरूमची कडी आतून लावली आणि मॅडमला कोमट पाण्याच्या टबात बसवलं. मॅडम म्हणजे तिची पांढरी कोंबडी. कालपासून तिचं अंडं अडकलं होतं. शेपूट खाली, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले.

बाहेर पायरीच्या दगडावर सुरी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि दारावर थाप पडली.

"उघड गं!" गोटीरामकाका. "आपोआप मेलेली कोंबडी कुणी खात नाय. जिवंत हाय तवर दे इकडं."

"डॉक्टर म्हणाल्या, वाचू शकते!"

"नुसतं बघायचे आठशे घेते तुझी डॉक्टर. तेवढ्यात तीन कोंबड्या येतात, मसाल्यासकट!"

कॉलेज रोडच्या क्लिनिकमधल्या मुलीने फोनवर आधी विचारलं होतं, "कुठल्या ब्रीडची आहे?" हर्षालीने सांगितलं, "पेठ रोडच्या बाजारातली." मग ती डॉक्टरांना विचारून "वाचू शकते" म्हणाली, पण फी ऐकून हर्षालीने फोन ठेवला. सरकारी दवाखान्याला रविवारचं कुलूप. उरलं काय, तर मोबाईलवरचा एक व्हिडिओ, कोमट पाणी आणि खोबरेल तेलाची बाटली.

"पाच मिनिटं द्या."

"पाच पाच करत तास गेला!" आता उज्वलाकाकूही दाराशी आली. "वाटण करून बसलेय मी."

"मग अंडाकरी करा. अंडं देतेच आहे ती!"

"जीभ बघा कशी चालते. दहावीत काय गेली, सगळ्यांना शिकवायला लागली."

काकाने दाराला खांदा मारला. कडीचा एक स्क्रू अर्धा बाहेर आला. मॅडमने घाबरून पंख आपटले, पाणी सगळं हर्षालीच्या तोंडावर. दुसरा धक्का. स्क्रू टणकन फरशीवर पडला.

"सुरी लावाल तर बघा!" हर्षाली ओरडली. "म्हसोबाला बोललेय मी तिला! नवसाची आहे!"

दारावरचे धक्के थांबले. नवसाची कोंबडी घरात कापत नाहीत, हे काकाला पक्कं माहीत होतं. नवसबिवस काही नव्हता, हे फक्त हर्षालीला.

"कधी बोललीस?" काकाचा आवाज खाली आला.

"सहामाहीला. गणितासाठी."

गणितात तिला ब्याऐंशी पडले होते, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. हर्षालीला हसू आवरेना. तिने बोटांना तेल लावलं आणि मॅडमच्या पोटावरून हात फिरवत राहिली. हळू, अजून हळू. मॅडमने सगळं अंग आवळलं. पाण्यात डुबुक झालं.

अंडं! कवचावर रक्ताची बारीक रेघ.

मॅडम उठली, अंग झटकलं आणि कॉक-कॉक करून तिने बाथरूम डोक्यावर घेतलं. हर्षालीने तिला काखोटीला मारलं, धाडकन दार उघडलं आणि अंडं काकाच्या नाकासमोर धरलं.

"बघा! आठशे रुपये वाचले!"

काका फडक्याने सुरी पुसत उभा होता. काकूच्या हातात कुंकवाचा करंडा. तिने बोट बुडवून मॅडमच्या तुऱ्यामागे टेकवलं.

"बरी झाली ते बरंच झालं," काकू म्हणाली. "आजारी कोंबडी म्हसोबाला चालत नाही. पुढच्या रविवारी नेऊ."

हर्षालीचा हात खाली आला. "काकू, ते मी... ते तसं नव्हतं..."

काकाच्या हातातला फडका थांबला.

"खोटं बोललीस? खोटं असंल तर आत्ताच सांग. वाटण तयार हाय."

मॅडम तिच्या काखेत गप्प बसली होती. तिचं काळीज हर्षालीच्या बरगडीवर धडधडत होतं.

"खरं आहे," हर्षाली म्हणाली.

ती मागे सरकली आणि ओल्या बाहीने मॅडमचं डोकं पुसायला लागली. पिसांतून पाणी निथळत होतं. कुंकू निघालं नाही. ओघळत ओघळत ते मॅडमच्या मानेपर्यंत आलं.