मागच्या विमानाचे धक्के

नागपूरवर मे महिन्याची तापलेली हवा उसळत होती, तरी विमानातल्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. स्ट्रेचरवरच्या अप्पांचा मोडका मणका एकही धक्का सोसणार नव्हता, म्हणून वैमानिकाने हवा शांत करणारं यंत्र लावलं होतं. यंत्राने टाळलेले सगळे हिसके मागून येणाऱ्या विमानाला बसत, म्हणून आधी त्या विमानाला विचारायची रीत होती, तीही दोन्हीकडच्या सगळ्या प्रवाशांना ऐकू येईल अशी.

"घेतो," मागचा वैमानिक म्हणाला होता. "फक्त लवकर उतरा. इथे पोरं रडतायत."

"तुझ्या स्कूटरपेक्षा बरं चाललंय," अप्पा पुटपुटले. शेजारी बसलेली त्यांची लेक ऋजुता हसली. तेवढ्यात तिच्या मुठीतला त्यांचा हात सैल पडला.

सोबतच्या नर्सने, हेमांगीने, नाडी पाहिली, बराच वेळ छाती दाबली आणि शेवटी हात मागे घेतले.

"ताई, उतरेपर्यंत बोलू नका. कुणाला कळणार नाही."

ऋजुतालाही तेच हवं होतं. खाली उतरेपर्यंत तरी अप्पा कुणासाठी गेलेले नसते.

तोच स्पीकरमधून मागच्या वैमानिकाचा दमलेला आवाज आला, "सोसतोय आम्ही. आजोबा कसे आहेत?"

पोरांचं रडणंही ऐकू येत होतं. ऋजुताने स्पीकरशेजारचं बोलायचं बटण दाबलं.

"गेले," ती म्हणाली. "आता आमचे धक्के आम्हाला द्या."

वैमानिकाने यंत्र बंद केलं, आणि विमान दाणकन खाली आदळल्यासारखं झालं. पेला उडाला. ऋजुताने दोन्ही हात अप्पांच्या पाठीखाली घातले आणि धावपट्टी येईपर्यंत काढले नाहीत.