एर्मेतेचं नाक

निवेसनं यंत्राची कळ खाली ओढली आणि झीता आत्यानं छातीवर क्रूस काढला.

"तुझा बाप तुला जिवंत गाडेल."

"गाडू दे. आधी द्राक्षं खाली येऊ देत."

पहिला क्रेट तिनं स्वतः ओतला. सुकून सुरकुतलेले काळे घड यंत्राच्या तोंडात शिरले, देठ एका बाजूला पडले आणि खालच्या हौदात काळाजांभळा लगदा उतरू लागला. आता माघार नव्हती.

तिचा बाप एर्मेते भल्या सकाळी विचेन्झाला गेला होता. पुतण्याच्या मुलीचा बाप्तिस्मा, मग जेवण, मग गाणी. निवेसनं नेमका हाच दिवस धरला होता.

काढणीपासून द्राक्षं माळ्यावर बांबूच्या तट्ट्यांवर पसरलेली होती. हिवाळाभर ती तिथं सुकायची, आकसायची, गोडी धरायची. मग एक दिवस ठरायचा आणि ती खाली आणून चिरडायची. तो दिवस चुकला की वर्षाची आमारोने वाइन गेली. या घरात तो दिवस नाकानं ठरायचा, आणि नाक म्हणजे एर्मेतेचं. अख्ख्या फुमानेच्या खोऱ्यात त्या नाकाचा दरारा होता. यंदा मात्र तो रोज सकाळी माळ्यावर जायचा, बराच वेळ घालवायचा आणि खाली येऊन म्हणायचा, "अजून नाही."

टेकडीवरच्या सगळ्यांची द्राक्षं चिरडून झाली. धुकं उतरलं, ते हलायचं नाव घेईना. तरी "अजून नाही." निवेस दुपारी बापाची पाठ वळली की वर जायची. आधी माळ्यावर सुक्या आलुबुखाराचा वास होता, मग मुरलेल्या चेरीचा. परवा त्या गोडव्याच्या मागून ओल्या गोणपाटासारखं काहीतरी नाकात शिरलं. तिनं उत्तरेच्या कोपऱ्यातला एक घड उलटा केला. पोटात राखाडी बुरशी धरायला लागली होती.

बापाला सांगायला तिची जीभ रेटेना. काढणीच्या जेवणात ती म्हणाली होती, "यंदाचा दिवस मी ठरवते." तेव्हा एर्मेतेनं सगळ्या मजुरांसमोर ग्लास आपटला होता. "नाक एक तर असतं, नाहीतर नसतं. तुला नाही!" टेबलभर खसखस पिकली. त्याआधी दर हिवाळ्यात तो तिला रोज सकाळी तट्ट्या हलवायला म्हणून बरोबर वर न्यायचा. "आता एकटे जा," असं म्हणून ती भरल्या ताटावरून उठली, ती उठलीच. तेव्हापासून दोघं एका घरात राहून एकमेकांशी मीठ मागण्यापुरतं बोलत होते.

यंत्राचा आवाज ऐकून शेजारचा तुल्लिओ कुंपणाशी आला.

"काय गं, शेवटी म्हाताऱ्यानं हुकूम दिला वाटतं?"

"हुकूम माझा आहे."

"तुझा? मग यंदा व्हिनेगर छान होईल तुमच्याकडे."

"बाटली पाठवीन. सॅलडवर घाल आणि बायकोलाही खाऊ घाल."

तुल्लिओ हसत गेला. निवेस हसली नाही. आत्या एकेक घड उलटून बुरशीचे मणी खुडत होती, दोन गडी क्रेट उतरवत होते, आणि निवेस थांबायला तयार नव्हती.

दिवस मावळायच्या आत माळा रिकामा झाला. गडी निघून गेले. आत्या फरशी पुसायला लागली तोच अंगणात गाडी वाजली.

एर्मेते दारात उभा राहिला. अंगात ठेवणीतला कोट, डोक्यावर टोपी. त्यानं यंत्र पाहिलं, हौद पाहिला. निवेस हौदाच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"चिरडली. सगळी. तुम्हाला न विचारता. बिघडली तर माझ्या नावावर. आणि चांगली निघाली तर तीही माझ्याच नावावर. मागून येऊन कुणी मिशीला पीळ द्यायचा नाही."

तिला हलकेच बाजूला सारून तो हौदावर वाकला आणि डोळे मिटून तसाच राहिला. आत्यानं फडकं पिळायचंही सोडलं.

"वास कसा आहे?" त्यानं विचारलं.

"घ्या की! नाक तुम्हाला आहे ना?"

"सांग."

"चेरी. थोडी दालचिनी. गोणपाटाचा वास नाही, वेळेत सुटलो."

त्यानं मान हलवली. "मला वासच येत नाही," तो म्हणाला. "त्या हिवाळ्यात महिनाभर ताप होता ना, तेव्हापासून. कॉफीचा नाही, धुराचा नाही. कशाचाच नाही."

निवेसला खरं तर दया यायला हवी होती. पण तिचं टाळकंच सरकलं.

"आणि मजुरांसमोर मला म्हणालात, तुला नाक नाही!"

"म्हणालो. तू दिवस मागितलास, मला वाटलं, आता उघडं पडणार."

"ताप येऊन तीन वर्षं झाली. त्यानंतरची पिंपं चाखून अख्खं खोरं तुमचं नाव घेतंय. मग ते दिवस कोणी ठरवले?"

एर्मेतेनं टोपी काढून हातात धरली.

"माळ्यात शिरल्यावर तू श्वास घेतलास की मी तुझ्या तोंडाकडे बघायचो, पोरी. यंदा तू आलीच नाहीस."