भाऊसाहेबांसाठी घोषणा

"रंगनाथ, तूच घोषणा दिलीस की विषय मिटला बघ," तालुकाध्यक्ष भाऊसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

विषय रंगनाथच्या बायकोचा होता. पक्षाची रुग्णवाहिका भाऊसाहेबांच्या मिरवणुकीत झेंडे लावून फिरत राहिली आणि शेवंता दवाखान्यात न पोचता घरीच वारली. तेव्हापासून सगळा तालुका त्यांचा राजीनामा मागत होता. आज त्यांच्या पाठिंब्याची सभा होती.

"नाना, चढा टेबलावर! तुमच्या आवाजाशिवाय सभा अळणी," कार्यकर्ते रंगनाथला म्हणाले.

घोषणेची रीत ठरलेली होती. अर्धी रंगनाथने उचलायची, उरलेली बाकीच्यांनी पुरी करायची. इतक्या वर्षांच्या सवयीने कुणी विचारही करत नसे.

तो टेबलावर चढला. भाऊसाहेबांनी लोकांना हात जोडले. सभेनंतर घसा बसला की शेवंता ज्येष्ठमध हातावर ठेवायची, ते त्याला आठवलं.

त्याने हात वर केला. "भाऊसाहेब, राजीनामा..."

"द्या! द्या!" सगळा मांडव गरजला.

पुढच्यांनी लगेच जीभ चावली. मागच्यांना काही उमगलंच नाही. ते जोर लावून ओरडतच राहिले. रंगनाथ खाली उतरला आणि चपला शोधू लागला.