आईचा घोळ

सुट्टीला भावाची तिन्ही मुलं यायची होती, म्हणून आत्या जमिनीवर फतकल मारून खेळणी बांधत बसली होती. थोरलीला रंगपेटी, मधल्याला खोलून जोडायचं इंजिन, धाकट्याला फुटबॉल. वहिनीला फोन करकरून प्रत्येकाची आवड विचारून घेतली होती. दुकानदार तर पार मेटाकुटीला आला होता.

"आमच्या वेळी काय धमाल असायची गं," नावांच्या चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता ती आईला म्हणाली. "दर सुट्टीत तुझा घोळ ठरलेला. माझं गोष्टींचं पुस्तक दादाला आणि त्याची बॅट माझ्या गळ्यात! मग जिन्यात बसून आमची घासाघीस. 'पुस्तक देतो, पण आधी तू मला बॉलिंग करायचीस.' दिवस कसा जायचा, कळायचंसुद्धा नाही." तिला हसू आवरेना. "टपाल कचेरीत पत्रं लावण्यात तुझा जन्म गेला. एक पत्र कधी चुकीच्या दारात पडलं नाही, आणि घरातली दोन पुडकी तेवढी तुला धड लावता आली नाहीत!"

आई खुर्चीतून वाकली. फुटबॉलवरची चिठ्ठी तिने नखाने अलगद सोडवली आणि रंगपेटीवर चिकटवली.

"अगं आई, ती चिठ्ठी धाकट्याची आहे!"

"ठाऊक आहे," आई म्हणाली आणि तिने इंजिन पुढे ओढलं. "ज्याचं त्याला दिलंस, तर तिघं तीन कोपऱ्यांत जाऊन बसतील."