चेहरा दिसेल असा

सर्फिंगचे फोटो काढावेत ते त्यानेच, असा त्याचा लौकिक. त्याच समुद्राने पोटचा पोरगा ओढून नेला, तेव्हा बायकोने भिंतीवर लावायला एकच फोटो मागितला. "चेहरा दिसेल असा बघा."

त्याने सगळ्या हार्ड डिस्क पालथ्या घातल्या. लाटा एकाहून एक देखण्या, फेसाचा थेंब न् थेंब टिपलेला. फळीवरचा पोरगा मात्र सगळीकडे पाठमोरा, नखाएवढा.

शेवटी तिनेच स्वतःच्या मोबाइलमधला एक फोटो पुढे केला. जेवणाच्या टेबलावर पोरगा हसत हसत बापाला काहीतरी सांगतोय, आणि बाप मान खाली घालून कॅमेऱ्यातल्या लाटा बघतोय.

"हा चालेल," ती म्हणाली. "फक्त तुम्हाला तेवढं कापा त्यातून."