शेजारणीचा गुणी लेक

"अरे हळू, हळू! कड घासेल!" बुआवान वरून ओरडत होती आणि दोन गडी तिच्या लाकडी जिन्यावरून नवाकोरा फ्रिज चढवत होते. कुंपणाच्या अलीकडे सेंगदाव भाताची परडी धरून उभी होती. तिचा नुसता जळफळाट चालला होता.

"खामसीनं पाठवला गं," बुआवान म्हणाली. "नको म्हटलं तरी ऐकतो कुठे!"

ऐकत नाही म्हणे! एकोणीस वर्षांत त्या पोरानं आईचा शब्द खाली पडू दिला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी आई म्हणाली, उत्तरेला कंपनीत जा. हा गेला.

"म्हशी दिसत नाहीत त्या, ताई?"

"विकल्या. आता राखणार कोण?" बुआवान जिना उतरून कुंपणाशी आली. "कंपनीला आणखी एक मुलगा हवाय. मी गावात कुणाला बोलले नाही. म्हटलं, आधी तुझ्या फूवोंगला."

"त्याला? त्याच्या तोंडाला कुलूप नाही, ताई. चार दिवसांत हाकलतील."

"तिथे जाईल ती खोड," बुआवान म्हणाली आणि गड्यांना पाणी द्यायला वळली.

फूवोंग सतरा वर्षांचा. त्यानं केस तांबडे करून घेतले होते. गुरुजींनी ते कापायला सांगितले, तर यानं शाळाच सोडली. देवळाच्या वर्गणीचा हिशेब भर सभेत विचारून त्यानं गावच्या प्रमुखाला तोंडघशी पाडलं होतं. "आज उलट बोलतोय," प्रमुख सेंगदावला म्हणाले होते, "उद्या चोरी करेल, परवा तुरुंगात दिसेल. लिहून ठेव." सेंगदावनं ते काळजात लिहून ठेवलं होतं. पोराचं मातेरं होणार, या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता. त्यात कुंपणापलीकडे तो फ्रिज!

त्या दुपारी तिनं विषय काढला. फूवोंग मोटारसायकलची साखळी पुसत होता.

"मी नाही जाणार."

"का?"

"खामसीदादाला तीनदा फोन केला. काम काय करतोस विचारलं तर म्हणतो, चांगलं आहे. जेवलास का विचारलं, तरी म्हणतो, चांगलं आहे. माणूस असा बोलतो का, आई?"

"संस्कारी माणूस असाच बोलतो. तुला कसं कळणार?"

"आणि ओळखपत्र गाडीत बसतानाच त्यांच्याकडे द्यायचं म्हणे. का?"

"का, का, का! पायाळू जन्मलास मेल्या, तेव्हापासून सगळं उलटंच!"

फूवोंग हसला. त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं. शेजारीण फ्रिजचं दार उघडत होती, मिटत होती, ते इथवर ऐकू येत होतं. सेंगदाव बोलून गेली, "तुझ्या जागी खामसी माझ्या पोटी आला असता, तर माझ्या जन्माचं सोनं झालं असतं!"

फूवोंगचं हसू गेलं. त्यानं हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं.

"जातो," तो म्हणाला.

जीभ चावावी असं तिला क्षणभर वाटलं. पण पोरगा एकदाचा हो म्हणाला होता. आता मागे कशाला हटायचं?

निघायच्या सकाळी रीतीप्रमाणे दोरे बांधायला आळीतल्या बायका जमल्या. परगावी जाणाऱ्याचा जीव वाटेत भरकटू नये, म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधायचा आणि जिवाला नावानं हाक मारायची: ये, घरी ये. वडीलधारी म्हणून पहिला मान बुआवानचा. तिची गाठ काही केल्या बसेना. आणि बसली, तर हाक मारताना म्हणाली काय? "ये रे खामसी, घरी ये."

बायका खुदकन हसल्या. सेंगदावच्या अंगाचा तिळपापड झाला. आज तरी माझ्या लेकाचं नाव घे की बाई! तेवढ्यात बुआवान पदर डोळ्यांना लावून रडायलाच लागली. तेव्हा मात्र सेंगदावला आतून गुदगुल्या झाल्या. जळते आहे! आजवर मी जळले, आता तुझी पाळी.

गाडी आली. फूवोंगनं ओळखपत्र ड्रायव्हरच्या हातात ठेवलं. "येतो," एवढंच म्हणाला. एरवी दहा वाक्यं बोलणारा पोरगा!

पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"पोचलास रे?"

"हो, आई."

"साहेब लोक बरे आहेत?"

"हो, आई."

"ऐकतोस ना त्यांचं?"

"हो, आई."

आणि फोन बंद झाला. सतरा वर्षांत लागोपाठ तीनदा हो! सेंगदावच्या डोळ्यांना धारा लागल्या. पोरगा सुधारला, आता त्याचं वाईट होणार नाही. कधी एकदा शेजारणीला सांगते असं तिला झालं. ती धावतच बुआवानचा जिना चढली.

"ताई! ऐकलंत का? माझा फूवोंग..."

बुआवान दारातच आडवी आली. "आत्ता नको, सेंग. नंतर ये."

पण तिच्या खांद्यावरून सेंगदावला दिसलंच. खामसी उघड्या अंगानं चटईवर बसून दोन्ही हातांनी भात खात होता. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. पाठभर काळेनिळे वळ.

"अगं बाई! तू कधी आलास? सुट्टी मिळाली का रे?"

खामसीनं आधी आईकडे पाहिलं. बुआवान जोरजोरात मान हलवत होती: नाही, बोलू नकोस. जन्मात पहिल्यांदाच त्यानं आईचं ऐकलं नाही.

"सुट्टी नाही, काकू," तो म्हणाला. "आपल्या जागी दुसरा आणून दिला, तरच सोडतात तिथून."