कोरी पाठ

नागभीडच्या शाळेत परदेशी शाळेच्या मुली खेळायला आल्या. दोन्हीकडच्या मिसळून खो-खोचे संघ पाडले. निवृत्त क्रीडाशिक्षिका रुखमाबाई कडेला बसल्या होत्या. रांगेतल्या सगळ्यांच्या पाठीवर लाल मातीचे पंजे उमटले होते. एका पाहुणीची पांढरी जर्सी तेवढी कोरी होती. रुखमाबाईंना स्वतःचं पोलकं आठवलं. लहानपणी वडशाच्या शाळेत नव्या असताना त्यांना सामनाभर कुणी खो दिला नव्हता. घरी आई म्हणाली, "गुणाची पोर! कपडे मळवले नाई." मध्यंतरात रुखमाबाईंनी त्या पाहुणीच्या संघाच्या कर्णधार दिव्यानीला गाठलं. "तिले खो काऊन देत नाई व?" "बाई, तिले जमत नाई. हारून जाऊ ना!" "हारा मंग." शेवटच्या मिनिटाला त्या पाठीवर थाप पडली. "खो!" पाहुणी उठली, धावली, घसरली. संघ हरला. दिव्यानी तिची जर्सी धुवायला मागत होती. पाहुणी मान वळवून स्वतःच्या पाठीवरचा पंजा बघत होती.